राखीव जागा येतील, पण उमेदवार कोण ठरवणार?

१४ एप्रिलची मिरवणूक असो, चैत्यभूमीवरचा ६ डिसेंबर असो की दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपल्या कार्यक्रमांत महिला मोठ्या संख्येने असतात. विहारातील वंदना, वर्षावासातील ग्रंथवाचन, वर्गणी गोळा करणे, मोर्चात मुलाबाळांसह चालणे, अन्याय-अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यासमोर ठाण मांडून बसणे ही कामे त्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. निवडणूक जाहीर झाली आणि उमेदवारांची यादी आली की मात्र या महिला त्या यादीत दिसत नाहीत. त्या 'महिला आघाडी'च्या फलकाखाली प्रचारपत्रके वाटताना दिसतात.

ही तक्रार फक्त आंबेडकरी पक्षांची नाही. देशातील जवळजवळ सर्व पक्षांत हेच चित्र आहे. पण संसद आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा आता मंजूर झालेला आहे. तो प्रत्यक्षात लागू होईल तेव्हा आपल्या समाजातील महिलांच्या वाट्याला काय येणार, हे आजच्या तयारीवर ठरेल. म्हणून पक्षांमध्ये महिला मागे का राहतात, नव्या कायद्यात नेमके काय आहे आणि आपण काय करायला हवे, हे समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. म्हणजे १४ टक्क्यांहूनही कमी. त्याआधी २०१९ मध्ये ही संख्या ७८ होती. महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि राज्यसभेत एकमताने मंजूर झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत त्याच पक्षांनी तिकिटे वाटली. भाजपच्या ४४० हून अधिक उमेदवारांत महिला होत्या सुमारे ७०, काँग्रेसच्या सव्वातीनशेहून अधिक उमेदवारांत सुमारे ४०. सभागृहात एक तृतीयांशाच्या बाजूने हात वर करणाऱ्या पक्षांनी स्वतःच्या यादीत त्याच्या निम्माच वाटा दिला.

महाराष्ट्रातही वेगळे घडले नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ४,१३६ उमेदवारांत ३६३ महिला होत्या आणि २८८ पैकी २१ निवडून आल्या. २०१९ मध्ये २४ आल्या होत्या. १९६० पासून या राज्यात एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. सावित्रीमाई, रमाई, जिजाऊ, अहिल्यामाई यांची नावे प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे.

याच राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांत मात्र निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश आरक्षण आले आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते ५० टक्के केले. तोच समाज, तेच मतदार आणि तेच पक्ष असताना खाली निम्म्या महिला आहेत आणि वर दहा टक्केही नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. जिथे कायद्याने बांधले तिथे पक्षांना महिला सापडल्या आणि जिथे पक्षांच्या मर्जीवर सोडले तिथे सापडल्या नाहीत.

तिकीट कसे ठरते?

आपले बरेच तरुण कार्यकर्ते प्रचारात दिवसरात्र राबतात, पण उमेदवारी कशी ठरते हे त्यांना जवळून पाहायला मिळत नाही. कागदावर पक्षाचे संसदीय मंडळ किंवा निवड समिती असते. प्रत्यक्षात दोन-चार माणसे ठरवतात आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत एबी फॉर्म ज्याच्या हातात पोहोचेल तो उमेदवार ठरतो. फॉर्म कोणाच्या हातात द्यायचा याचा लेखी निकष फार थोड्या पक्षांकडे असतो.

विचारले तर एकच उत्तर मिळते: 'निवडून येण्याची क्षमता'. ही क्षमता म्हणजे काय, ते उलगडून पाहू. पहिली गोष्ट पैसा. विधानसभेच्या एका उमेदवाराला कायद्याने ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो आणि प्रत्यक्षातला खर्च सर्वांना माहीत आहे. घर, जमीन, व्यवसाय बहुतेक पुरुषाच्या नावावर असताना हा पैसा महिला कुठून उभा करणार? दुसरी गोष्ट संपर्क. ठेकेदार, सरकारी अधिकारी, पत्रकार, शेजारच्या पक्षाचे पदाधिकारी यांच्याशी ओळख रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत आणि चहाच्या टपरीवर होते. स्वयंपाक, मुलांची शाळा आणि स्वतःची मजुरी सांभाळणाऱ्या महिलेला तिथे जागा नसते. ती गेलीच तर तिच्याविषयी काय बोलले जाते तेही आपण ऐकलेले आहे. तिसरी गोष्ट घराणे. वडील, पती किंवा सासरे राजकारणात असतील तर पहिल्या दोन्ही अडचणी आपोआप सुटतात. त्यामुळे मोठ्या पक्षांतून निवडून येणाऱ्या महिलांत राजकीय घराण्यांतील महिला ठळकपणे दिसतात.

महिला उमेदवार पडतात, म्हणून पक्ष धोका घेत नाहीत, असेही सांगितले जाते. २०२४ च्या लोकसभेला सुमारे ८०० महिला उभ्या होत्या आणि ७४ निवडून आल्या, म्हणजे शंभरात नऊ. पुरुष साडेसात हजारांच्या वर उभे होते आणि ४६९ निवडून आले, म्हणजे शंभरात सहा. पुरुषांमध्ये अपक्षांची गर्दी फार असते, त्यामुळे या तुलनेवरून महिला जास्त जिंकतात असा दावा आम्ही करणार नाही. पण महिला असल्यामुळे मतदार नाकारतात, या म्हणण्याला या आकड्यांत आधार सापडत नाही. ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ मध्ये लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या आणि त्यांपैकी ५ जिंकल्या. त्यात अस्का मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रमिला बिसोई या बचत गटाच्या चळवळीतून पुढे आलेल्या होत्या. तमिळनाडूत नाम तमिळर कच्ची हा पक्ष तर निम्मी तिकिटे महिलांना देतो. या दोन्ही पक्षांना कायद्याने भाग पाडलेले नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार पक्षाची नोंदणी करताना संविधानावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते, पण समित्यांत किंवा यादीत किती महिला असाव्यात याबद्दल त्यात काहीही नाही. म्हणजे हा पक्षाच्या इच्छेचा प्रश्न आहे.

आपला वारसा वेगळा आहे

आंबेडकरी चळवळीला महिलांचा सहभाग कुणी बाहेरून शिकवलेला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेला महिला आल्या होत्या. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात त्या होत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली, तिला हजारो महिला जमल्या. समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी कामगार महिलांच्या रजा अशा प्रश्नांवर ठराव झाले. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याच्या कारणांत या बिलाची झालेली अवहेलना ठळक होती.

नाशिकच्या शांताबाई दाणी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळापासून दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने संघटनेत होत्या. सभा, सत्याग्रह, तुरुंगवास हे सारे त्यांनी केले आणि पुढे १९६८ मध्ये त्या विधान परिषदेवर गेल्या. १९६४ च्या भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहात महिला कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. उत्तर प्रदेशात मायावती ३ जून १९९५ रोजी देशातील पहिल्या दलित महिला मुख्यमंत्री झाल्या आणि २००७ मध्ये त्यांनी पूर्ण बहुमताचे सरकार आणले. अलीकडे वंचित बहुजन आघाडीचे प्रदेशाध्यक्षपद रेखा ठाकूर यांनी सांभाळले. दलित-बहुजन राजकारणात महिला नेतृत्व करू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळालेले आहे.

मग अडते कुठे? आम्हाला यामागे एक ठोस कारण दिसते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे गट होत गेले. प्रत्येक गटाचा एक नेता आणि त्याच्याभोवती ठरलेली माणसे राहिली. गट लहान झाला की मोठ्या पक्षाशी युती करावी लागते. युतीत एक-दोन जागा सुटतात. त्या नेत्याकडे किंवा त्याच्या अगदी जवळच्या माणसाकडे जातात. पन्नास जागा लढवणारा पक्ष पाच-सात महिलांना तिकीट देऊन नाव तरी राखतो. दोन जागा लढवणाऱ्या गटात पहिला बळी महिलांच्या हक्काचा जातो आणि 'आता वेळ नाही, आधी समाजाची सत्ता' असे सांगून तिला गप्प केले जाते. म्हणून गटबाजीचा प्रश्न आणि महिला प्रतिनिधित्वाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

२०२३ च्या कायद्यात काय आहे?

१०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्ली विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली. या मागणीचा प्रवास जुना आहे. पहिले विधेयक १९९६ मध्ये आले आणि २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर करूनही ते लोकसभेत अडकले.

आपल्या दृष्टीने तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. एक, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी ज्या जागा आधीच राखीव आहेत, त्यांच्यातीलच एक तृतीयांश जागा त्या समाजांतील महिलांसाठी असतील. दोन, ओबीसी महिलांसाठी वेगळी तरतूद नाही. फुले-आंबेडकरी विचाराच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न सोडता कामा नये. तीन, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या मजकुरानुसार त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येऊन मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर हे आरक्षण लागू व्हायचे आहे. त्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख अधिसूचित केली आहे.

आता महाराष्ट्राचा हिशेब करू. आजच्या जागा धरल्या तर विधानसभेच्या २८८ पैकी ९६ जागा महिलांच्या होतील. अनुसूचित जातींसाठी आज २९ जागा राखीव आहेत, त्यांपैकी साधारण दहा त्या समाजातील महिलांच्या असतील. लोकसभेत राज्यात अनुसूचित जातींच्या पाच जागा आहेत, त्यांतील एक-दोन.

या दहा जागांवर कोण बसणार? इथे पुणे कराराची आठवण ठेवली पाहिजे. १९३२ च्या त्या करारात राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. राखीव जागेवरचा उमेदवार ज्या मोठ्या पक्षाच्या बळावर निवडून येतो, त्या पक्षाच्या शब्दाबाहेर तो जात नाही, हे बाबासाहेबांनी पुढे वारंवार सांगितले. १९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेच्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. जागा राखीव होती, पण समाजाचा आवाज सभागृहात गेला नाही.

उद्याच्या महिला राखीव जागांचे हेच होऊ शकते. आपल्या पक्षांनी महिला कार्यकर्त्या घडवल्या नाहीत, तर त्या दहा जागांसाठी मोठे पक्ष आपल्या सोयीचे चेहरे शोधतील. २०२४ मध्ये वर्षा गायकवाड मुंबईच्या खुल्या मतदारसंघातून आणि प्रणिती शिंदे सोलापूरच्या राखीव मतदारसंघातून लोकसभेत गेल्या, तर ज्योती गायकवाड धारावीतून विधानसभेत आल्या. तिघींचे कर्तृत्व कमी लेखायचे कारण नाही. पण तिघीही काँग्रेसच्या आणि तिघींचे वडील नेते होते, हेही नोंदवले पाहिजे. वस्तीतल्या, घराण्याचे पाठबळ नसलेल्या कार्यकर्तीसाठी दार अजून उघडलेले नाही.

गावपातळीवरचा अनुभव आणि त्यातली गळती

गेल्या तीस वर्षांत हजारो बौद्ध महिला सरपंच, सदस्य, नगरसेविका झाल्या. ग्रामसभा चालवणे, निधी आणणे, अधिकाऱ्याला लेखी जाब विचारणे त्या शिकल्या. मग त्या वर का गेल्या नाहीत?

पहिले कारण आरक्षणाची फिरती. आज प्रभाग महिलांसाठी राखीव असतो, पुढच्या वेळी खुला होतो. पाच वर्षे काम केलेल्या महिलेला पक्ष सांगतो, 'आता जागा पुरुषांची.' खुली जागा पुरुषांची नसते, ती सर्वांची असते. पण हे पक्षाला ठणकावून सांगणारे कोणी नसते. दुसरे कारण 'सरपंच पती'. सही तिची आणि कारभार त्याचा, हा प्रकार आपल्या वस्त्यांतही आहे. तिसरे कारण कागदपत्रे. राखीव प्रभागातून लढायला जात प्रमाणपत्र आणि पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. महिलेची जात वडिलांकडून सिद्ध होते, म्हणजे लग्नानंतर वीस वर्षांनी माहेरच्या गावी जाऊन वडील-आजोबांच्या शाळेचे दाखले, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर ही धावपळ सुरू केली तर हाती काही लागत नाही.

चौथे कारण बोलले जात नाही, ते सुरक्षिततेचे. कार्यालयात महिलेचा छळ झाला तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. पक्षातील कार्यकर्तीला हे संरक्षण मिळत नाही. पक्ष आणि सदस्य यांच्यात मालक-कर्मचारी असे नाते नसल्याने पक्षांवर अशी समिती नेमण्याचे बंधन नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. दौरे, मुक्काम, रात्रीच्या बैठका हेच ज्या कामाचे स्वरूप आहे, तिथे तक्रार ऐकायला कोणी नसेल तर घरचे लोक मुलीला पाठवत नाहीत आणि ती पक्षातून बाहेर पडते.

आपण काय मागायचे?

कायदा लागू होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. खालील गोष्टी पक्ष आजही करू शकतात आणि कार्यकर्ते म्हणून आपण त्या मागू शकतो.

१. तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या मुख्य कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात आणि ते पक्षाच्या घटनेत लिहिलेले असावे. महिला आघाडीतील पदे या हिशेबात धरू नयेत.

२. उमेदवार निवडणाऱ्या समितीत तेवढ्याच महिला असाव्यात. यादी बनवणाऱ्या बैठकीत महिला नसतील तर यादीतही त्या नसतात.

३. राखीव प्रभागात चांगले काम केलेल्या महिलेला जागा खुली झाल्यावर पहिली संधी द्यावी.

४. युतीची बोलणी करताना सुटणाऱ्या जागांपैकी महिलांचा वाटा आधीच जाहीर करावा.

५. अनामत रक्कम आणि सुरुवातीच्या प्रचाराचा खर्च पक्षनिधीतून करावा. विधानसभेला अनुसूचित जातीच्या उमेदवाराची अनामत पाच हजार रुपये आहे. ती भरणे कोणत्याही संघटित वस्तीला अवघड नाही.

६. निवडणुकीच्या एक-दोन वर्षे आधी जात वैधता, मतदार यादी आणि अर्ज भरण्याची माहिती देणारी शिबिरे घ्यावीत. आपल्यातील वकील आणि निवृत्त कर्मचारी हे काम सहज करू शकतात.

७. कायद्याची सक्ती नसली तरी प्रत्येक पक्षाने तक्रार समिती नेमावी आणि तिच्यात पक्षाबाहेरची एक जाणकार महिला असावी.

हे सारे पक्षाकडून मागताना आपल्या हातात असलेल्या संस्थांकडेही पाहावे लागेल. गावातील विहार समितीत, जयंती उत्सव समितीत, गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार कोण आहेत? खिरदान आणि रांगोळीच्या यादीत महिलांची नावे आणि हिशेबाच्या वहीवर पुरुषांच्या सह्या असतील, तर पक्ष त्याहून वेगळा कसा होईल? पदाधिकारी म्हणून बैठक चालवणे, हिशेब मांडणे, वाद मिटवणे हे राजकारणाचे पहिले शिक्षण आहे आणि त्यासाठी कोणाच्या तिकिटाची गरज लागत नाही.

तरुण मुलांनाही एक सांगायचे आहे. बहीण किंवा पत्नी बैठकीला जाणार असेल तर त्या संध्याकाळी घर कोण सांभाळणार, हा राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर तुमच्या घरात द्यायचे आहे.

२०२४ च्या लोकसभेला देशात महिलांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित जास्त होती. मत मागायला सगळे पक्ष महिलांकडे येतात, योजनेचे हप्ते जाहीर करतात, तिला लाडकी बहीण म्हणतात. लाभार्थी म्हणून तिची नोंद झाली आहे, प्रतिनिधी म्हणून अजून व्हायची आहे. येत्या निवडणुकीत कोणताही पक्ष, आपला असो की परका, वस्तीत आला की त्याला दोन प्रश्न विचारू या: तुमच्या निवड समितीत किती महिला आहेत आणि तुमच्या यादीत आमच्या किती महिला आहेत? उत्तर लिहून घेऊ या आणि मतदानाच्या दिवशी ते लक्षात ठेवू या.

जय भीम!